सहल कुणाच्या हाती द्यायची?

(दहावी १९९६च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. बोलताना मागेपुढे झालेलं थोडं सरळ करून स्मरणिकेसाठी लिहून दिलं आहे.)



मला आज इथे उभं केलं आहे ते माझ्या वक्तृत्वामुळे नाही, हे बाईंना चांगलं माहीत आहे. आठवीच्या वक्तृत्व स्पर्धेत मी दोन वाक्यं बोलून खाली बसले होते. आजचं कारण आहे आपला व्हॉट्सअॅप ग्रुप. दिवाळीनंतर कुणीतरी लिहिलं, 'तीस वर्षं झाली, आता सर-बाईंना घेऊन एक सहल झालीच पाहिजे.' झालं! तारकर्ली, हंपी, काशी, भूतान. आठवड्याभरात चारशे मेसेज. त्यातून दोन तट पडले. एक म्हणतो, 'एजंटला पैसे कशाला द्यायचे? आपल्या वर्गात एवढे इंजिनिअर आहेत, सगळं ऑनलाइन होतं.' दुसरा म्हणतो, 'एखाद्या यात्रा कंपनीला देऊन टाका, डोक्याला ताप नको.' पहिल्या तटाने परस्पर माझं नाव पुढे केलं, कारण मी घरच्या सगळ्या सहली स्वतः आखते अशी माझी ख्याती आहे.

ती ख्याती खरी आहे. म्हणूनच तिची दुसरी बाजू आज सांगते. सहल स्वतः आखायची की जाणकाराला पैसे देऊन आखून घ्यायची, यावर माझं मत गेल्या आठ वर्षांत दोनदा बदललं. ते कसं बदललं, एवढंच सांगून बसते.

माझ्या आईला तुमच्यापैकी बरेच जण ओळखता. मधल्या सुटीत तिच्या हातची थालीपिठं कुणी कुणी पळवली, ती नावं मी अजून विसरलेले नाही. बाबा गेल्यावर तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, चारधाम. साल २०१८, आई तेव्हा सत्तर वर्षांची. यात्रा कंपन्यांचे दर मी पाहिले. साधारण दहा-बारा दिवसांचा कार्यक्रम, आणि माणशी खर्च मी काढलेल्या हिशेबापेक्षा सात-आठ हजारांनी जास्त. मला वाटलं, हे लोक करतात तरी काय? गाडी ठरवतात, हॉटेल ठरवतात. ते तर मीही करते. आणि रजा मला नऊच दिवस होती.

मग मी नऊ दिवसांत चारधाम बसवलं. डेहराडूनपर्यंत विमान, पुढे गाडी. बडकोटला मुक्काम करून यमुनोत्री, उत्तरकाशीहून गंगोत्री, पाचव्या दिवशी गुप्तकाशी, सहाव्या दिवशी फाट्याहून हेलिकॉप्टरने केदारनाथ, सातव्या दिवशी बद्रीनाथ. प्रत्येक टप्प्याचं अंतर आणि वेळ नकाशातून काढून तक्ता केला. नकाशा म्हणाला सात तास, की मी तक्त्यात सात तास लिहिले. तक्ता इतका देखणा झाला होता की मी तो ऑफिसमध्ये दाखवला.

पाचव्या दिवशी घनसालीच्या पुढे दरड कोसळली. फार मोठी नव्हती, पण रस्ता बंद. मी, आई आणि मावशी गाडीत बसून होतो. फोनला रेंज येत-जात होती. मी गुप्तकाशीच्या हॉटेलला फोन लावत होते, हेलिकॉप्टरच्या तिकिटाची तारीख बदलता येते का पाहत होते, ड्रायव्हरशी हुज्जत घालत होते. तिथे रात्री डोंगरातल्या रस्त्याला प्रवासी गाड्या सोडत नाहीत, हे माझ्या तक्त्यात नव्हतंच.

आमच्या मागे एका मराठी यात्रा कंपनीची बस थांबली होती. तासाभरात त्यांच्या आचाऱ्याने रस्त्याकडेला गॅस पेटवला आणि पिठलं-भात टाकला. आम्हालाही बोलावलं. त्यांचा मॅनेजर पंचविशीतला मुलगा असेल. त्याने दरडीची बातमी कळताच मागच्या गावात खोल्या धरून ठेवल्या होत्या. मी त्याला विचारलं, 'तुमचं पुढचं सगळं कोलमडलं असेल ना?' तो म्हणाला, 'नाही ताई, आमचा एक दिवस राखीव असतो. दर वर्षी कुठेतरी अडकतोच.'

दर वर्षी कुठेतरी अडकतोच! हे त्याला ठाऊक होतं आणि नकाशाला ठाऊक नव्हतं. मी ज्याला 'सात-आठ हजार जास्त' म्हणत होते, त्यात तो राखीव दिवस होता.

आम्ही सहाव्या दिवशी दुपारी गुप्तकाशीला पोचलो. सकाळच्या हेलिकॉप्टरची वेळ टळून गेली होती, पुढच्या दिवसांची तिकिटं भरलेली होती. गौरीकुंडापासून केदारनाथची चढण साधारण सोळा किलोमीटरची. घोडा किंवा डोली करून जाता आलं असतं, पण त्यात जाण्यायेण्याचे दोन दिवस आणि माझ्याकडे एकही नाही. थांबलो तर बद्रीनाथ आणि परतीचं विमान दोन्ही हुकणार. मी केदारनाथ वगळलं. गुप्तकाशीतून हवा स्वच्छ असली की चौखंबाची शिखरं दिसतात. आईने त्या दिशेला हात जोडले आणि म्हणाली, 'पुढच्या वेळी.' पुढच्या वर्षी तिचे गुडघे गेले. त्याच्या पुढच्या वर्षी टाळेबंदी आली. आज ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि साडेतीन हजार मीटर उंचीवर जायला डॉक्टर नाही म्हणतात. ती याबद्दल मला कधी बोलली नाही. घरी परतल्यावर एवढंच म्हणाली, 'तू सारखी फोनमध्ये होतीस गं. मला वाटलं होतं, गाडीत गप्पा होतील.'

आमच्या धंद्यात 'ऑन-कॉल' म्हणून एक प्रकार असतो. प्रोग्रॅम कुणीही लिहो, रात्री तीन वाजता तो बंद पडला तर फोन कुणाचा वाजणार, हे आधी ठरलेलं असतं. आणि जो ऑन-कॉल असतो त्याने त्या दिवशी दुसरं काम धरायचं नसतं. हा नियम मी ऑफिसात कसोशीने पाळत होते आणि आईच्या यात्रेत विसरले. एकाच वेळी मी ऑन-कॉलही होते आणि तिची मुलगीही. त्यातलं एकच काम झालं.

यानंतर माझं मत पहिल्यांदा बदललं. ठरवलं, आता सगळं जाणकाराच्या हाती. २०२२ मध्ये हिमाचलला जायचं होतं, तेव्हा एका सल्लागाराला गाठलं. नाव सांगत नाही. त्याने दोन प्रश्न विचारले, माणसं किती आणि बजेट किती. दुसऱ्या दिवशी पीडीएफ आली. रंगीत, चकचकीत. चौथ्या पानावर दुसऱ्याच कुटुंबाचं आडनाव राहून गेलेलं आणि प्रत्येक जेवणापुढे 'जैन' असं लिहिलेलं. आमच्या घरी बुधवार-रविवार मासे लागतात. मी फोन करून विचारलं, 'तुम्ही स्वतः या भागात गेला आहात का?' तो म्हणाला, 'मॅडम, आमचे तिथे लोक आहेत.' हॉटेल मनालीपासून चांगलंच लांब निघालं आणि 'साइट सीइंग'च्या नावाखाली दोन दुपारी शालींच्या दुकानांत गेल्या.

तर पैसे देऊनही फसता येतं. मग प्रश्न असा, की कुणाला पैसे द्यायचे आणि कशासाठी.

याचं उत्तर शोधताना मला आपलं गावच आठवलं. आपण नाशिककर, आपल्याकडे हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वराला बाहेरगावचा यात्रेकरू आला की त्याला पहिला प्रश्न असतो, गाव कोणतं आणि आडनाव काय. मग त्या गावाचे, त्या कुळाचे तीर्थोपाध्ये कोण ते ठरतं आणि ते आपली वही काढतात. त्यात आजोबा कधी आले होते, बरोबर कोण होतं, कशासाठी आले होते, हे त्यांच्याच हस्ताक्षरात असतं. पूर्वी रस्ते आणि हॉटेलं नसताना यात्रेकरूची उतरण्याची, जेवणाची, विधींची सगळी सोय हेच उपाध्ये करत. यातली मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे त्यांना दक्षिणा यात्रेकरू देत असे, आणि त्याची मुलं-नातवंडं पुढे त्याच दारात येणार होती. एकदा लुबाडलं तर वहीतलं अख्खं कुळ तुटणार. शिवाय ते दोन गोष्टी जाणत होते, वाट आणि माणूस. इथली वाट त्यांच्या पायाखालची आणि येणारा माणूस वहीतला.

त्या हिमाचलवाल्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. वाट माहीत नव्हती, कारण तो गेलाच नव्हता. माणूस माहीत नव्हता, कारण त्याने विचारलंच नव्हतं. आणि त्याला पैसे कोण देत होतं? थोडे मी आणि बरेचसे हॉटेलवाले आणि शालवाले. आजकाल विमानाच्या तिकिटावर एजंटला फारसं काही सुटत नाही. त्याची कमाई हॉटेल, पॅकेज, विमा आणि दुकानं यांतून येते. त्यात गैर काही नाही, प्रत्येकाला पोट आहे. पण आपण जे सल्ला म्हणून ऐकतो ते कधी कधी विक्री असते, एवढं लक्षात ठेवायचं. म्हणून माझा पहिला प्रश्न हाच असतो, 'या कामाचे तुम्हाला पैसे कुठून मिळतात?' चांगला माणूस न चिडता सांगतो.

मोठी कंपनी घेतली की निर्धास्त, असंही समजू नका. सहलीच्या धंद्याचा आद्य पुरुष म्हणतात तो थॉमस कुक. ५ जुलै १८४१ला त्याने इंग्लंडात लेस्टरहून लॉफबरोला सुमारे पाचशे माणसं रेल्वेने नेली, माणशी एक शिलिंग. त्याच्या नावाची ब्रिटिश कंपनी २३ सप्टेंबर २०१९ला एका रात्रीत बंद पडली. त्या दिवशी जगभरात तिचे सुमारे सहा लाख प्रवासी वाटेत होते. आपल्याकडची त्याच नावाची कंपनी वेगळ्या मालकीची होती, ती चालू राहिली. पण १७५८ सालापासूनचं नाव सांगणारी कॉक्स अँड किंग्ज आपल्याकडे त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. फरक असा, की ब्रिटनमध्ये अशा वेळी प्रवाशांना परत आणायची आणि पैसे परत द्यायची कायद्याने केलेली व्यवस्था आहे. आपल्याकडे तशी नाही. केंद्राचं पर्यटन मंत्रालय टूर ऑपरेटरांना मान्यता देतं, पण ती घ्यायची की नाही हे त्यांच्यावर असतं.

म्हणजे आपल्या पैशांची राखण आपणच करायची. सगळी रक्कम एकदम द्यायची नाही. रद्द केलं तर किती दिवस आधी किती कापणार, ते लेखी घ्यायचं. रोख नको, पावती आणि जीएसटीचं बिल हवं. आणि तरी फसलोच तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक चांगली सोय केली आहे. कंपनी कुठलीही असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. परदेशी सहलीचं पॅकेज घेतलं तर वर टीसीएस म्हणून रक्कम कापली जाते. ती आयकर विवरणपत्र भरताना आपल्या खात्यात धरली जाते, पण तोवर अडकून राहते. बजेट करताना तीही मोजा. आणि 'व्हिसाची गॅरंटी' देणारा भेटला तर नमस्कार करून निघून या. एजंट कागद नीट लावून देऊ शकतो, व्हिसा देणं न देणं वकिलातीच्या हातात असतं.

आता माझं मत दुसऱ्यांदा कसं बदललं ते सांगते. २०२३च्या हिवाळ्यात आईला काशीला न्यायचं होतं. केदारनाथ हुकलं, निदान विश्वनाथ तरी, असं माझ्या मनात होतं. कुणीतरी नाशिकमधल्याच एका बाईंचं नाव सुचवलं. त्या कंपनी नाहीत, एकट्या काम करतात आणि सल्ल्याची फी घेतात. मी म्हटलं, मुलांना घेऊन दुबईलाही जायचं आहे, तेही करून द्या. त्या म्हणाल्या, 'दुबईसाठी मला पैसे देऊ नका. तिथे सगळं सरळ आहे, तुम्ही स्वतः छान कराल.' तिथेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

काशीसाठी त्यांनी मला वीस मिनिटं नुसते प्रश्न विचारले. आई किती पायऱ्या चढते? उतरताना जास्त दुखतं की चढताना? पहाटे उठते का? रात्री किती वेळा उठावं लागतं? एकदाही दर सांगितला नाही. मी आधी ऑगस्टमध्ये जायचं म्हणत होते, सुट्या जोडून येत होत्या. त्या म्हणाल्या, 'ऑगस्टमध्ये गंगेला पाणी चढतं, घाटाच्या पायऱ्या बुडतात आणि नावा बंद ठेवतात. आईंना घाट चालवणार नाही आणि नावही नाही, मग काशीत बघणार काय?' या एका वाक्यात त्यांची फी वसूल झाली. हॉटेल त्यांनी अस्सी घाटाच्या बाजूला घेतलं, कारण तिथे गाडी बऱ्यापैकी जवळ जाते. तीन दिवसांत कार्यक्रम थोडाच ठेवला आणि एक अख्खी दुपार मोकळी. मी विचारलं, 'या दुपारी काय करायचं?' म्हणाल्या, 'काही नाही. ती राखीव आहे.' मला तो घनसालीचा मुलगा आठवला.

आम्ही पहाटे नावेत बसलो. अहिल्याबाई घाटासमोरून नाव गेली तेव्हा नावाड्याने सांगायच्या आत आईनेच सांगितलं, की आजचं विश्वनाथाचं मंदिर अहिल्याबाईंनी १७८०मध्ये बांधलं. मग बाबांच्या गोष्टी निघाल्या. लग्नानंतर ती दोघं पहिल्यांदा कुठे गेली होती, तर वणीच्या गडावर आणि तेही लाल गाडीने. हे मला इतक्या वर्षांत कधी कळलं नव्हतं. दरम्यान दुपारच्या गाडीचा ड्रायव्हर आजारी पडला होता आणि दुसरा नेमला गेला होता. ते मला संध्याकाळी कळलं. फोन दुसऱ्या कुणाचा तरी वाजला होता.

मग मी स्वतःसाठी एक साधा ठोकताळा केला. बेत मोडला तर काय जाईल? दुबईत हॉटेल वाईट निघालं तर थोडे पैसे जातील आणि सांगायला एक किस्सा मिळेल. तिथे स्वतः करायचं, त्यात मजाही आहे. पण जिथे बेत मोडला की परत मिळणार नाही असं काहीतरी जातं, बरोबर म्हातारी माणसं आहेत, उंची आहे, वाट अनोळखी आहे किंवा माणसं खूप आहेत, तिथे वाट जाणणारा पैसे देऊन बरोबर घ्यायचा. मग तो एकटा सल्लागार असो की केसरी किंवा वीणा वर्ल्डसारखी मोठी कंपनी. मोठ्या कंपनीत ठरलेला कार्यक्रम आणि बरोबर मॅनेजर मिळतो, एकट्या सल्लागाराकडे आपल्या मापाचा कार्यक्रम मिळतो. कुणाला काय हवं त्यावर ते ठरतं.

पण वाट जाणणारा विकत मिळतो, माणूस जाणणारा मिळत नाही. काशीच्या त्या बाईंनी मला प्रश्न विचारले, उत्तरं मलाच द्यायची होती. 'आई रात्री किती वेळा उठते' हे मला माहीत नसतं, तर त्यांचं ज्ञान फुकट गेलं असतं. खरं सांगते, हे मलाही माहीत नव्हतं. आईला विचारून मी त्यांना दुसऱ्या दिवशी सांगितलं.

इथे मला आपली आठवीची सहल आठवते. वेरूळ आणि दौलताबाद, १९९४चा जानेवारी, वर्गणी पंच्याऐंशी रुपये. परतताना येवल्याच्या अलीकडे बस बंद पडली. अंधार पडलेला, थंडी, साठ मुलं. भूगोलाच्या सरांनी (सर दुसऱ्या रांगेत बसले आहेत, त्यांना आवडणार नाही, पण मी बोलणार आहे) आपल्याला जवळच्या मारुतीच्या देवळात बसवलं. गावातून चुरमुरे-फुटाणे आणले. गावातल्या एकुलत्या एक फोनवरून नाशिकला एका पालकांच्या दुकानात फोन केला आणि त्यांच्या मुलाने सायकलवर घरोघरी निरोप दिला. आपण मात्र देवळात अंताक्षरी खेळत होतो. आपल्याला वाटलं, सहलीचा हाही एक कार्यक्रम आहे.

मी मॉनिटर होते, म्हणून त्या सहलीत सरांची वही माझ्याकडे होती. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. त्यात नाव, वर्गणी आणि शेवटी 'शेरा' असा रकाना होता. कुणापुढे लिहिलं होतं 'बस लागते, पुढे बसवणे.' कुणापुढे 'दमा, पंप आईने दिला आहे.' कुणापुढे 'अंधाराला घाबरतो, हसू देऊ नये.' आणि दोन नावांपुढे 'वर्गणी जमा' असं लिहिलं होतं. त्या दोघांनी पैसे दिलेले नव्हते, हे मला पक्कं माहीत होतं, कारण पैसे मीच गोळा केले होते. मी सरांना विचारायला गेले, तर सर म्हणाले, 'जमा आहे ना, मग झालं. तू पुढची नावं वाच.' सर, ती वही म्हणजे आपल्या रामकुंडावरच्या वहीसारखीच होती. वाट आणि माणूस, दोन्ही तुम्हाला ठाऊक होतं.

तर आता आपली सहल. आपण चौतीस जण आणि सर-बाई मिळून पाच. सर आता ऐंशीच्या घरात आहेत. माझं म्हणणं असं, की बुकिंग, गाडी आणि वाटेतली सगळी धावपळ बाहेरच्या जाणकाराला द्यावी, आणि त्याची योग्य ती फी घासाघीस न करता द्यावी. आपल्यापैकी कुणीही, मीसुद्धा, त्या तीन दिवसांत फोनवर असू नये. तीस वर्षांनी भेटतो आहोत. कार्यक्रमात एक दुपार राखीव ठेवावी. आणि सिंहस्थ तोंडावर आला आहे, त्यामुळे नाशिकहून गाड्या मिळणं पुढे अवघड होत जाईल. जे ठरवायचं ते लवकर ठरवावं.

पण कुठे जायचं, किती दिवस आणि माणशी किती रुपये, हे आपणच ठरवायचं. ग्रुपवर काही जण 'भूतान तर भूतान, पैशाचं काय एवढं' असं लिहितात, तेव्हा काही जण त्यावर काहीच लिहीत नाहीत. त्या गप्प राहणाऱ्यांकडे पाहून रक्कम ठरवायची. हे काम कुठलाही सल्लागार करू शकत नाही, कारण त्याला तो गप्पपणा दिसत नाही. तीस वर्षांपूर्वी एकाच बाकावर बसलेली माणसं आज वेगवेगळ्या परिस्थितीत आहेत. सहलीच्या वर्गणीने ते कुणाला जाणवून देऊ नये.

म्हणून मी एक काम अंगावर घेते. मी परत मॉनिटर होते. दोनशे पानी वही मी सकाळीच मेन रोडवरून आणली आहे, निळ्या पुठ्ठ्याची मिळाली. नाव आणि फोन नंबर तुम्ही स्वतः लिहा. शेऱ्याचा रकाना मात्र मी भरणार. गुडघे, बीपी, शुगर, रात्रीचं घोरणं, कुणाला कुणाच्या खोलीत नको आहे, आणि वर्गणीचं जे काही असेल ते, चहाच्या वेळी माझ्याजवळ येऊन हळूच सांगा. ती वही मी कुणालाही दाखवणार नाही. दाखवलीच तर फक्त सरांना.